दिवाळीनंतरची शाळा: पहिली ते पाचवीची मुलं हिवाळ्यात काय शिकतात?

एका आईचा प्रश्न आहे. मुलगी पहिलीत, मुलगा चौथीत, दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून घरी ऐकू येतं ते कबड्डीचं, सहलीचं आणि गॅदरिंगच्या नाचाचं. मुलगी अजून अडखळत वाचते. मुलाच्या वर्गातली काही मुलं शिष्यवृत्तीच्या क्लासला जायला लागली आहेत. शाळेत अभ्यास चालतो की नाही, आणि या दिवसांत कोणत्या इयत्तेला काय यायला हवं, असं त्यांनी विचारलं आहे.

अभ्यास चालतो, आणि वर्षातला सगळ्यात पक्का अभ्यास याच दिवसांत होतो. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पाऊस, पेरण्या आणि नव्या मुलांची रडारड असते. श्रावण लागला की सणांच्या सुट्ट्या सुरू होतात आणि सलग आठवडा हाती लागत नाही. मार्चपासून ऊन, सकाळची शाळा आणि परीक्षा. राहतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस. मुलं ताजीतवानी असतात, शिक्षकांना कोणाचं घोडं कुठे अडलंय ते कळलेलं असतं आणि हजेरीही बरी असते. (ऊसतोडीला जाणारी गावं याला अपवाद आहेत. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो, कारण माझी शाळा त्याच पट्ट्यात आहे.) आमच्याकडे दोन शिक्षक आणि पाच इयत्ता, त्यामुळे पहिलीचं मूल पाचवीपर्यंत कसं चढत जातं ते एकाच खोलीत दिसतं. प्रत्येक इयत्तेची एक मुख्य अडचण असते आणि ती बहुतेक वेळा हिवाळ्यातच सुटते किंवा तशीच राहून जाते.

पहिलीपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त काळजी तिथे असते आणि सगळ्यात जास्त घाईही तिथेच होते.

दिवाळीपर्यंत पहिलीच्या मुलाला बरीच अक्षरं ओळखता येतात. घरच्यांना वाटतं, अक्षरं येतात म्हणजे आता वाचायलाच हवं. पण अक्षर ओळखणं आणि अक्षरं जोडून शब्द म्हणणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम डिसेंबर-जानेवारीत जमायला लागतं. ते जमलंय का हे तपासायचं असेल तर मुलीला पुस्तकातला धडा वाचायला सांगू नका. तो तिला पाठ असतो, चित्र बघून ती घडाघडा म्हणेल. पाटीवर तिला येणाऱ्याच अक्षरांतून तिने कधी न ऐकलेला शब्द लिहा. 'लाबम' लिहा, 'रामका' लिहा. 'ला… ब… म… लाबम' असं ती म्हणाली तर ती वाचते आहे, कितीही हळू का असेना. 'लांब' असं ओळखीचं काहीतरी म्हणून मोकळी झाली, तर ती अजून अंदाजाने चालली आहे. अशा मुलीला पाच-सहा अक्षरं आणि एक काना घेऊन रोज दहा मिनिटं नवे शब्द करायला बसवा. आणखी अक्षरं देण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

पहिल्या वेलांटीपाशी हमखास गाडी अडते. वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची अक्षरानंतर. 'दिवा' समोर आला की मूल बोट वेलांटीवर ठेवतं आणि गप्प होतं. त्याला येत नाही असं नसतं, सुरुवात कुठून करायची हे त्याला कळत नसतं. मी बोट उचलून 'द'वर ठेवतो, 'हा कोण?' विचारतो आणि मग 'याला काय लागलंय?' विचारतो. चार-पाच दिवसांत बोट आपोआप योग्य जागी जायला लागतं. तुमची मुलगी अडखळते आहे तर ती नेमकी कुठे अडखळते तेवढं बघा. वेलांटीपाशी, की अनुस्वारापाशी, की अक्षरांचा जोड लावताना? शिक्षकांना एवढं सांगितलंत तरी त्यांचं अर्धं काम होईल.

जानेवारी संपेपर्यंत काना, वेलांटी, उकार, मात्रा असलेले दोन-तीन अक्षरी शब्द सावकाश जोडता आले तर काळजीचं कारण नाही. ओघाने वाचणं दुसरीत येतं. फेब्रुवारीतही दोन साधी अक्षरं जोडता येत नसतील तर मात्र शिक्षकांशी बसून बोला आणि तिचे डोळे व कानही तपासून घ्या. थंडीत सर्दी हटत नाही, कान ठणकतो, वाहतो आणि मुलाला नीट ऐकू येईनासं होतं. घरात ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण घरी आपण मोठ्याने बोलतो. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या अशा मुलाला शिकवलेलं ऐकूच येत नाही आणि आपण म्हणत राहतो की त्याचं लक्ष नसतं.

दुसरीची अडचण हातच्याची. ३८ आणि २५ ची बेरीज पाटीवर द्या आणि उत्तर बघा. बरीच मुलं ५१३ लिहितात. आठ नि पाच तेरा, तीन नि दोन पाच, दोन्ही आकडे शेजारी शेजारी. वजाबाकीत ४२ मधून १७ गेले की ३५ उरतात, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून मूल सातातून दोन काढतं. ही मुलं आळशी नसतात. त्यांच्या लेखी ४२ म्हणजे एक चार आणि एक दोन, चार दशक आणि दोन सुटे नव्हेत. यावर काड्यांच्या गठ्ठ्यांशिवाय उपाय मला माहीत नाही. दहा-दहा काड्या दोऱ्याने बांधायच्या, चार गठ्ठे आणि दोन सुट्या मुलापुढे ठेवायच्या आणि 'यातल्या सतरा मला दे' म्हणायचं. ते मूल सुट्यांकडे बघतं, गठ्ठ्यांकडे बघतं आणि स्वतःच एका गठ्ठ्याचा दोरा सोडतं. तो दोरा त्याने स्वतः सोडायला हवा. मी सोडून दाखवला की पुढच्या गणिताला ते पुन्हा ३५ लिहितं.

दुसरीतच संख्यानावांचा गुंताही असतो. 'एकोणचाळीस' ऐकलं की चाळीस कानात राहतो आणि पाटीवर ४९ उमटतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'बावीस'सोबत 'वीस दोन' असं वाचनही दिलं गेलं, तेव्हा राज्यभर वाद पेटला होता. त्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. मी दोन्ही पद्धती वापरतो. मूल अडलं की 'तीस नऊ' म्हणतो, सुटलं की 'एकोणचाळीस'वर येतो. बाजारात आणि घरात एकोणचाळीसच बोललं जातं, तेव्हा ते यायलाच हवं. पण तिथे पोचायला एक पायरी दिली तर भाषेचं काही बिघडत नाही.

भाषेत दुसरीला जोडाक्षरं असतात आणि त्यात 'र' सगळ्यांना छळतो. 'प्राणी', 'सूर्य', 'ट्रक', 'दऱ्या' या चार शब्दांत तो चार रूपांत येतो. एकदम चारही देऊ नयेत. रफार ('सूर्य'मधला, अक्षराच्या डोक्यावरचा 'र') तर दोन आठवडे एकटाच घ्यावा.

तिसरीबद्दल मी थोडा जास्त आग्रही आहे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू केलं, त्याचं उद्दिष्टच तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि मूलभूत गणित यावं असं आहे. तिसरीवरच बोट ठेवलं ते बरोबर आहे. इथपर्यंत मूल वाचायला शिकतं, इथून पुढे त्याला वाचून शिकायचं असतं. तिसरीला परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं असतं. त्यात आपल्याच नद्या, आपलीच पिकं, आपलेच तालुके असतात. ते पुस्तक उघडायला हिवाळ्याइतका चांगला ऋतू नाही. शाळेच्या कुंपणापलीकडे ज्वारी पोटऱ्यात असते, हरभऱ्याला घाटे लागलेले असतात, करडई काटेरी झालेली असते. शाळेच्या मैदानावर शेपटी खालीवर हलवत धोबी पक्षी फिरतात आणि ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात. हे पाहुणे पावसाळा सरल्यावर येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी जातात. कोण कधी दिसलं एवढं भिंतीवरच्या कागदावर मुलांनी तारखेनिशी लिहिलं तरी निरीक्षण, नोंद आणि लेखन तिन्ही होतं.

आणि तिसरीचा खरा वर्ग भरतो तो आनंद बाजारात. जानेवारीत बहुतेक शाळांत हा होतो. मुलं घरून मेथी, बोरं, भेळ, चहा आणतात आणि पालक गिऱ्हाईक होतात. आमच्याकडे तिसरीतली एक मुलगी बोरं आणि शेंगा घेऊन बसली होती. कोणीतरी बत्तीस रुपयांचा माल घेऊन पन्नासची नोट दिली. ती पुटपुटली, 'बत्तीस… हे तीन, पस्तीस. हे पाच, चाळीस. आणि हे दहा, पन्नास.' अठरा रुपये बिनचूक परत. हिच्याच वहीत त्या आठवड्यात ५० वजा ३२ चं उत्तर २२ लिहिलेलं होतं. म्हणजे वजाबाकी तिला येत होती, कागदावरची मांडणी येत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिला फळ्यावर तेच गणित दिलं आणि 'गिऱ्हाइकाला किती परत दिलेस?' एवढंच विचारलं. तिने लिहिलेले बावीस स्वतः पुसले. म्हणून गॅदरिंग-बाजारात वेळ जातो असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. तो वेळ जातो फक्त तेव्हा, जेव्हा दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी त्याबद्दल एक शब्दही काढत नाही.

आता तुमच्या मुलाकडे, म्हणजे चौथीकडे येतो. इतिहासात चौथीला छत्रपती शिवाजी महाराज असतात. १९७० पासून हे पुस्तक महाराष्ट्रातल्या मुलांच्या हातात आहे, तुमच्याही होतं. मोठ्या लढाया आणि आग्र्याची सुटका शिकवत असतानाच सहलीचे दिवस येतात, हे चांगलं आहे. प्रतापगडाचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा, सिंहगडाचा ४ फेब्रुवारी १६७० चा, दोन्ही तारखा याच ऋतूतल्या. तारखा पाठ होतातच. पण गडावर नेलं तर मुलाला एक प्रश्न घेऊन जाऊ द्या: इथे एवढी माणसं राहायची तर पाणी कुठून यायचं? ते मूल गडभर टाकी शोधत फिरतं, खडक का कोरला ते विचारतं, आणि गड म्हणजे नुसती तटबंदी नसून तिथे धान्य, पाणी, माणसं यांची व्यवस्था होती हे त्याला दिसतं. तुमचा मुलगा सहलीहून आला की 'मजा आली का?' याच्यापुढे जाऊन हे एवढं विचारा.

गणितात चौथीला भागाकार आणि अपूर्णांक. १/३ मोठा की १/४ असं विचारलं की वर्गातले निम्मे हात १/४ साठी वर जातात, कारण चार तिनापेक्षा मोठे. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या, घड्या घालून एकीचे तीन सारखे भाग आणि दुसरीचे चार. एवढ्याने काम होतं. भागाकारात मुलगा चुकत असेल तर बहुतेक वेळा तो भागाकारात चुकत नसतो, पाढ्यात किंवा वजाबाकीत चुकतो. आधी ते तपासा.

पाचवीबद्दल मात्र मला वाईट वाटतं. मुलांच्या डोक्यावर या थंडीत सगळ्यात जास्त ओझं पाचवीतच असतं. नवोदयची प्रवेश परीक्षा डिसेंबर-जानेवारीत येते, दोन तासांत ८० प्रश्न. शिष्यवृत्ती परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते, दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला असायची, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली आणि आता ती परत चौथी-सातवीला आणायचा शासनाचा निर्णय झाला आहे. तुमच्या मुलाच्या वर्गात क्लासची धावपळ दिसते ती त्यामुळे. त्यात पाचवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षाही आली.

परीक्षांना माझा विरोध नाही. नवोदयला लागलेल्या मुलांची घरं मी बघितली आहेत. एका निकालाने त्या घराची पुढची पिढी बदलते. पण नोव्हेंबरपासून रोज पर्याय गोल करत बसलेलं मूल पूर्ण वाक्यात उत्तर लिहायचं विसरतं. दशांश अपूर्णांक म्हणजे काय हे न कळता त्यावरचे पन्नास प्रश्न सोडवतं. दिवसाला एक तास सराव आणि चुकलेल्या प्रश्नांवर बोलणं एवढं पुरतं. दहा वर्षांच्या मुलाला पहाटे पाचला उठवून थंडीत क्लासला पाठवू नये, असं मी स्पष्ट सांगतो. झोपेचंच कारण देऊन शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. घराघरांतून मूल त्याआधी दोन तास क्लासला जाऊन येत असेल तर त्या निर्णयाचा उपयोग काय?

काही गोष्टी मात्र सगळ्या इयत्तांना मिळून शिकवता येतात, आणि त्या याच ऋतूत शिकवता येतात. मला सगळ्यात आवडते ती सावलीची नोंद. मैदानात एक मीटरची काठी ओळंब्यात रोवायची. दुपारी साडेबाराच्या आसपास सावली दिवसातली सगळ्यात लहान होते, तेव्हा ती मोजायची. पुणे-बीडच्या पट्ट्यात २२ डिसेंबरला ती साधारण ९० सेंटिमीटर भरते. महिन्याने मोजली तर ८० च्या थोडी आत आणि फेब्रुवारी संपताना ५० च्या आसपास. पहिलीचं मूल वितीने मोजतं. तिसरीचं पट्टीने मोजून वहीत लिहितं, चौथीचं मागच्या आठवड्यापेक्षा किती कमी झाली ते काढतं. पाचवीचं आलेख काढतं आणि विचारतं, 'गुरुजी, मे महिन्यात किती होईल?' मी सांगत नाही. मे महिन्यात आमच्याकडे एका दुपारी काठीची सावली नाहीशीच होते. सुट्टी असते, तरी दोन-तीन जण काठी रोवून बसलेले असतात.

दुसरा प्रयोग स्वेटरचा. बर्फाचे दोन सारखे तुकडे, एक उघड्या वाटीत, एक वाटीसकट स्वेटरमध्ये गुंडाळून. कोणता आधी वितळेल? जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो, स्वेटरमधला, कारण स्वेटर गरम असतो. अर्ध्या-पाऊण तासाने उघडून बघतात तर उघड्या वाटीत पाणी आणि स्वेटरमध्ये बर्फ शाबूत. मग गप्पा सुरू होतात की स्वेटर उष्णता देतो की अडवतो. खोबरेल तेलाची बाटलीही याच दिवसांत वर्गात आणावी. साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठायला लागतं. सकाळी पांढरं घट्ट, दुपारी उन्हात ठेवलं की पातळ. स्थायू आणि द्रव या व्याख्या नंतर एका वाक्यात कळतात.

आणि ज्या मुलांना हे काहीच मिळत नाही त्यांच्याबद्दल. दिवाळी आटोपली की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. आईवडिलांबरोबर मुलंही जातात. पहिलीच्या मुलाची अक्षरं जोडायची वेळ, दुसरीचा हातचा, तिसरीचा गुणाकार, हे सगळं नेमकं याच महिन्यांत असतं. एप्रिलमध्ये परत आलेल्या मुलाला अक्षरं आठवतात, पण त्याच्या बरोबरीची मुलं गोष्टीचं पुस्तक वाचत असतात. मुलं आजीकडे किंवा नातेवाइकांकडे गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं चालतात. मूल जाणारच असेल तर त्याला शिक्षण हमी कार्ड देता येतं, म्हणजे तिथल्या शाळेला ते कुठवर शिकलंय ते कळतं आणि दाखल करून घेता येतं. कोणाच्या ओळखीतलं कुटुंब निघणार असेल तर दिवाळीआधीच शाळेत जाऊन या दोन्ही गोष्टी विचारायला सांगा. टोळी निघाल्यावर धावपळ करून फारसं काही साधत नाही.

तुम्ही शाळेत जाल तेव्हा 'किती धडे झाले?' हा प्रश्न बाजूला ठेवा. मुलीच्या बाईंना विचारा की तिला नवा शब्द जोडता येतो का आणि ती कुठे अडते. मुलाच्या गुरुजींना विचारा की त्याने वाचलेला उतारा तो स्वतःच्या शब्दांत सांगतो का आणि भागाकारात त्याची चूक कोणत्या पायरीवर होते. शिष्यवृत्तीला बसवायचं की नाही हे त्या उत्तरावरून ठरवा, शेजारच्यांचं मूल क्लासला जातं यावरून ठरवू नका. घरी आलात की मुलाची गणिताची वही मागून घ्या आणि बरोबरच्या खुणा असलेली पानं उलटून खाडाखोडीच्या पानाशी थांबा. त्यातलं एक गणित त्याला तोंडाने बोलत-बोलत पुन्हा करायला सांगा आणि तो बोलत असताना मध्ये दुरुस्ती करू नका.